नमद्यावरची सुटकेस

अनिपा एजेच्या, म्हणजे आमच्या चित्रकलेच्या बाईंच्या, वर्गात खोडरबर न्यायचं नाही, हे आमच्या कोक-जार गावातल्या पोरांना पहिलीत पाऊल टाकायच्या आधीच ठाऊक असतं. थोरली भावंडं तशी दीक्षाच देतात. तरी दर वर्षी एखादा शूर खिशात घालून नेतोच आणि कोपऱ्यात तोंड करून हळूच घासायला लागतो. एजे फळ्याकडे तोंड ठेवूनच म्हणते, "कोण रे तो, उंदरासारखं कुरतडतोय?" मग येते, रबर काढून घेते, कागद बघते. "रेघ चुकली? चुकली तर चुकली. आता तिच्याबरोबर संसार कर." पोरगं रडवेलं होऊन सांगतं, घोड्याला पाचवा पाय आलाय. "मग तो पळतोय," एजे म्हणते. "पळत्या घोड्याचे पाय कोणी मोजलेत?"

अंगाने उंच, हाडकुळी. डोक्याला मागे गाठ मारलेला रुमाल, अंगात नवऱ्याची मेंढीच्या कातड्याची बंडी, आणि बंडीच्या खिशांत खडूचा भुगा. आवाज असा, की पलीकडच्या डोंगरावरच्या मेंढ्यांनी वळून बघावं. तरुणपणी ती राजधानीला, फ्रुंझेला, चित्रकला शिकायला गेली होती. शहराचं नाव तेव्हा तेच होतं. तिथे वर्षभर तिच्याकडून एका प्लास्टरच्या पुतळ्याचा कान काढून घेतला. नुसता कान. बाकीचा माणूस पुढच्या वर्षी, असं तिथले मास्तर म्हणाले म्हणे. परत आली तर गाव म्हणालं, एवढी शिकून आलीस तर दुकानाची पाटी रंगव. तिने रंगवली. मग कबरीच्या दगडावर मयताचा चेहरा काढायचं काम आलं. म्हाताऱ्या ओमुरझाकच्या नाकाशेजारी चांगली वाटाण्याएवढी चामखीळ होती. एजेने तीही काढली. त्याचे मुलगे धावत आले, "एवढी तेवढी पुसून टाका." एजे म्हणाली, "पुसते. मग कबरीत जाब विचारायला येणारे फरिश्ते त्याला ओळखणार कसे? चुकीच्या माणसाला चोपतील." चामखीळ राहिली. अजून आहे.

पुढे सामुदायिक शेती मोडली, देश मोडला, आणि शाळेतले रंग संपले. बाकीच्या मास्तरांनी चित्रकलेच्या तासाला गणित घ्यायला सुरुवात केली. एजेने पोरांना चुलीतली काजळी, विटांचा चुरा आणि कांद्याची सालं आणायला सांगितली. कागद नव्हता, तर जुनी भित्तिपत्रकं उलटी केली: एका बाजूला पुढारी, दुसऱ्या बाजूला मेंढी. "मेंढी जास्त टिकेल," ती म्हणाली होती, आणि तेव्हा असं बोलणं सगळ्यांनाच झेपत नसे.

तर अशा बाईच्या वर्गाला जमीन होती सिमेंटची. खोली पूर्वी कोळशाची होती. पोरं खाली बसून, पालथी पडून, लोळून चित्रं काढायची, कारण एजेचं म्हणणं, टेबलावर हात आखडतो आणि हाताबरोबर डोकंही. पण आमच्याकडचा हिवाळा म्हणजे काय विचारता. तो यायच्या आधीच पोरांच्या नाकांचे नळ सुरू झाले आणि आया शाळेत येऊन म्हणायला लागल्या की मुलीला चित्रकलेने सर्दी झाली. हेडमास्तर मामिरबेक आगाय यांनी एजेला बोलावलं. हेडमास्तरांच्या प्रत्येक वाक्याच्या दाराशी 'तत्त्वतः' हा शब्द पहारेकऱ्यासारखा उभा असतो.

"तत्त्वतः, अनिपा, मुलांना बाकावर बसवा. तत्त्वतः, चित्रकलेचं छापील पुस्तक आहे. सफरचंद आहे, किटली आहे. बघून काढतील."

"खाली काहीतरी अंथरलं तर?"

"तत्त्वतः, अंथरायला काय, अंथरा. पण शाळेकडे काही नाही."

"तुमच्याकडे मागितलं कोणी?" एजे म्हणाली आणि तिसरीच्या वर्गात जाऊन सांगून टाकलं, की आपण शिरदाक करायचा, लोकर दाबून केलेल्या नमद्याची नक्षीदार सतरंजी. प्रत्येकाचा एक चौकोन, आणि चौकोनात प्रत्येकाने घरातली अशी वस्तू काढायची, जी अंधारात हाताला लागली तरी ओळखू येईल. बोकडाची शिंगं नकोत, कावळ्याचा पंजा नको, ते आजीच्या शिरदाकावर आहे. आपलं काढा.

शरद ऋतूत लोकर कातरली होतीच. पोरांनी घराघरातून आणली, उन्हात पसरून काठ्यांनी झोडपली, चटईवर थर लावले, वर उकळतं पाणी ओतलं, चटई गुंडाळून दोऱ्या बांधल्या आणि शाळेच्या अंगणभर तिला लाथा मारत फिरवलं. शिक्षणातला हा भाग सर्वांना विशेष आवडला. दोन दिवसांत नमदा तयार. अर्धा पांढरा राहू दिला, अर्धा अक्रोडाच्या सालीत तपकिरी रंगवला.

मग कापणं. आमच्याकडे दोन रंगांचे नमदे एकावर एक ठेवतात आणि सुरी दोन्हींतून एकदम फिरवतात. पांढऱ्यातून निघालेला आकार तपकिरीच्या भोकात बसतो, तपकिरीतला पांढऱ्याच्या. काही वाया जात नाही, आणि एक कापलं की त्याचं जुळं आपोआप जन्मतं. एजेने पोरांना आधी हे कागदावर करायला लावलं. कागदाची किटली कापून तिने बाजूला ठेवली आणि उरलेला कागद खिडकीपुढे धरला. "आता किटली कुठे आहे?" पोरांनी टेबलावर बोट दाखवलं. "आणि ही?" भोकातून उजेड येत होता. भोकही किटलीच होतं. मागे बसलेला एक जण म्हणाला, "ही जास्त चांगली आहे, हिच्यात चहा दिसतो." एजेने त्याला दुसऱ्या दिवशी सुरी धरायचा मान दिला.

शाळेसाठी एक चौकोन, घरी बसायला त्याचं जुळं, असा हिशेब ठरला. कोणी फावडं कापलं, कोणी बापाचा बूट, कोणी दार न लागणारा फ्रिज. बेगायमने सुटकेस कापली. जाड, चौकोनी, वर मूठ, खाली तीन चाकं.

बेगायम म्हणजे कानिम्बुबूची नात. आणि कानिम्बुबू म्हणजे अनिपा एजेची मोठी जाऊ, गावातली सगळ्यांत पक्की शिवणारीण. बेगायमचे आईबाप रशियात. बाप कोठारात पेट्या उचलतो, आई हॉटेलात भांडी घासते. पोरगी आजीकडे. तिच्या वर्गात निम्मी तशीच आहेत.

शिवायला बायका जमल्या. असं काम एकटीने करत नाहीत. चहाचा समोवार, तळलेल्या बोरसोकांचा ढीग, ताटलीत साय आणि तोंडात गाव, अशी बसते मैफल. कानिम्बुबू चौकोन एकेक उचलून बघत होती. बुटाला हसली. फ्रिजला "आमच्याकडेही असाच" म्हणाली. आणि मग थांबली.

"हे काय?"

"सुटकेस," अनिपा म्हणाली.

"कोकुय, अगं बाई. सुटकेस."

"सुटकेस," जिपार म्हणाली. जिपार ही कानिम्बुबूची शेजारीण. तिला स्वतःचं वाक्य नसतं; कानिम्बुबूच्या वाक्याचं शेपूट धरून ती आयुष्यभर चालत आली आहे.

"केलिन, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" केलिन म्हणजे सून. अनिपाला आता स्वतःच्या सुना आहेत, पण मोठ्या जावेच्या लेखी ती काल वरातीतून उतरलेली. "शिरदाकात जे शिवावं ते घरात येतं. शिंगं शिवली तर मेंढ्या येतात. पाणी शिवलं तर झरा आटत नाही. आणि तू शाळेत सुटकेस अंथरतेस. ही एवढी पोरं तिच्यावर बसणार. उद्या एकेक उठून चालायला लागलं, की कोणाला विचारायचं?"

"कोणाला विचारायचं," जिपार.

"तू जन्मभर शिंगं शिवलीस, जाऊबाई. मेंढ्या किती उरल्या?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि तोंड चहाच्या वाडग्यात लपवलं.

"सुटकेस तर आजवर कोणी शिवली नव्हती," अनिपा पुढे म्हणाली. "तरी अर्धं गाव गेलंच. शिंगांवरून उठून गेलं."

"तुला बोलायला काय जातंय." कानिम्बुबूचा आवाज एकदम खाली आला. "तुझा पोरगा व्हॅन चालवतो आणि संध्याकाळी येऊन तुझ्या चुलीशी बसतो. माझा फोनमध्ये दिसतो. फोन धरतो तोही असा, की नुसती हनुवटी दिसते. आता मला त्याची हनुवटी पाठ झाली आहे. डोळे कसे होते, ते फोटोत जाऊन बघावं लागतं."

जिपारनेही शेपूट धरलं नाही.

अनिपाने चौकोन खाली ठेवला नाही. "हे तुझं दुःख आहे," ती म्हणाली, "आणि हे चित्र बेगायमचं आहे. दोन्ही एका घरातली आहेत, म्हणून एकाने दुसऱ्याला खोडायचं नाही."

"मी शिवणार नाही."

"नको शिवूस. बाकीचे शीव."

गोष्ट हेडमास्तरांपर्यंत गेली. आमच्या गावात गोष्टीला फार चालावं लागत नाही. त्यांनी बेगायमलाच बोलावलं आणि मऊ आवाज काढला. त्यांचा मऊ आवाज म्हणजे न्हावी वस्तरा लावताना काढतो तसला.

"तत्त्वतः, बाळा, ही कोणाची सुटकेस?"

"आमची. पलंगाखालची."

"बाबा हीच घेऊन गेले ना?"

"नाही. हिचं चाक तुटलं. बाबा पोतं घेऊन गेले. ही गेलीच नाही. मी तिच्यावर वही ठेवून गृहपाठ करते."

हेडमास्तर खुर्चीतून अर्धे उठले. "ऐकलंत, अनिपा? ही तत्त्वतः न गेलेली सुटकेस आहे. मिटलं. बायकांना तेवढं समजावून सांगा."

"नाही सांगणार."

"का?"

"आज हिने खुलासा द्यायचा, की सुटकेस राहिलेली आहे म्हणून चालेल. आणि गेलेली असती तर चालली नसती? उद्या बूट काढणाऱ्याला विचाराल, कोणाचा, कुठे गेला, परत आला का. चित्र काढायला पोरांनी घरचा दाखला आणायचा नाही, आगाय. माझ्या वर्गात नाही."

"मग तत्त्वतः मी यात पडत नाही," हेडमास्तर म्हणाले आणि खरंच पडले नाहीत. खिडकीतून कोळशाच्या गाडीकडे बघत बसले.

पुढच्या आठवड्यात एजेला तालुक्याला शिक्षकांच्या सभेला जावं लागलं. ती मुलाच्या व्हॅनमध्ये बसली आणि वळणाआड गेली, तशा बायका कोळशाच्या खोलीत शिरल्या. बेगायमचा चौकोन एजेने स्वतःच शिवून जागेवर बसवला होता, वेडावाकडा. कानिम्बुबूने टाके उसवले, पांढऱ्या जमिनीतली तपकिरी सुटकेस उचलून काढली आणि त्या भोकात पांढराच नमदा बसवला. पांढऱ्यात पांढरा. गेली सुटकेस. बेत फक्कड होता, आणि तो शेवटासही गेला असता. पण आमच्या बायकांच्या हाताला एक खोड आहे. दोन तुकडे जिथे जुळतात त्या सांध्यावर त्या दोरा शिवतात: एक उजव्या पिळाचा, एक डाव्या, शेजारी शेजारी, कणसाच्या दाण्यांसारखे. उघडा सांधा ठेवणं म्हणजे पाहुण्यांसमोर अनवाणी येणं. गप्पा चालल्या होत्या, कोणाच्या तरी सुनेने चुलतसासूला काय उत्तर दिलं याचं मोठं रसाळ प्रकरण निघालं होतं, आणि हात आपले चालले होते. सांधा दिसला की दोरा. लाल दोरा. मुठीभोवती, कडेने, खाली एकेका चाकाभोवती, अगदी मायेने.

दुपारी एजे परतली तेव्हा बायका शिरदाक अंगणात पसरून उभ्या होत्या, आणि दुधावर तोंड मारून आलेल्या मांजरीसारख्या शांत होत्या. पोरं धावत आली. मग एकच गलका झाला.

"बेगायम, तुझी बघ. तुझी पेटलीये."

बूट, फावडं, फ्रिज सगळं ठीकच होतं. पण सगळ्यांच्या मधे पांढऱ्याशुभ्र जमिनीवर लाल रेघेने काढलेली सुटकेस अशी काही झळकत होती, की फाटकाबाहेर गाढवावर बसलेला म्हातारा लगाम खेचून थांबला. "सुटकेस आहे," तो गाढवाला म्हणाला.

कानिम्बुबूने पाहिलं. जिपारकडे पाहिलं. "दोरा कोणी घातला?"

"दोरा कोणी घातला," जिपार पुटपुटली आणि लाल दोऱ्याचं रीळ बाहीत सरकवायला लागली.

"तू की मी?"

पहिल्यांदाच जिपारला स्वतःचं वाक्य सुचलं. "मूठ मी. चाकं तू."

अनिपा इतकी हसली, की तिला बंडीचं टोक तोंडात धरावं लागलं. कानिम्बुबू मात्र लालबुंद झाली होती. तिने सुरी मागवली. अख्खा चौकोनच कापून काढते म्हणाली, घरात शिंगांचा तयार चौकोन आहे, तो बसवते, तासाभरात होईल. सुरी आलीही. आणि मग एजे चालत गेली, बूट काढले आणि सुटकेसवर मांडी घालून बसली.

"ऊठ, केलिन."

"नाही."

"मी भोवतीने कापीन."

"काप. माझ्यासकट काप. मग मलाही घरी ने आणि शिंगांशेजारी अंथर."

"लोक बघतायत."

"बघू देत. ए पोरांनो, बसा. तास सुरू झाला."

तिसरीचा वर्ग शिरदाकावर भोवताली बसला आणि एजेने तिथेच तास घेतला. कानिम्बुबू थोडा वेळ सुरी घेऊन उभी राहिली. आपण उभ्या आणि हातात सुरी, समोर धाकटी जाऊ आणि पोरं शाळा शिकतायत, हे चित्र काही बरं दिसत नाही, हे तिच्या ध्यानात आलं असावं. तिने सुरी म्यानात घातली. "काठ तुमचा तुम्ही शिवा," ती म्हणाली. बायका तिच्यामागून गेल्या. काठाशिवाय शिरदाक अंथरत नाहीत. कडेने उसवत जातो आणि एका हिवाळ्यात चिंध्या होतो. हे कानिम्बुबूला ठाऊक होतं आणि अनिपालाही.

आता एजेला चित्रं येतात, शिवण येत नाही. तिची सुई नमद्यात शिरते एकीकडे आणि निघते ती शेजारच्या गावात. तरी ती आणि पोरं बसली. बोटात घालायचं थिंबल कोणाकडे नव्हतं, तर कोणी बाटलीचं झाकण बोटावर लावलं, कोणी दाराच्या बिजागरीवर सुई दाबून पलीकडे काढली. बोटं टोचली, रडारड झाली, टाके काही मुंगीचे काही उंटाचे. काठ नदीसारखा वळणं घेत गेला आणि सुरुवातीला येऊन मिळाला तेव्हा दोन बोटं कमी पडला, म्हणून तिथे फ्रिजवाल्याने आपल्या टोपीचा तुकडा लावला. शिरदाक वर्गात अंथरला. हेडमास्तर दारातून म्हणाले, "तत्त्वतः, ऊब आहे," आणि बाकांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पहिलं बर्फ पडल्यावर कानिम्बुबू शाळेत आली. नातीचे लोकरीचे मोजे द्यायला, असं म्हणाली. मोजे दिले आणि दारातच रेंगाळली. नजर काठावर. एकदा इकडून बघितला, एकदा तिकडून. मग आत आली, बूट काढले, काठाशी टेकली आणि रुमालाच्या गाठीतून सुई काढली.

"मी काठ काढून पुन्हा घालते. तुझ्यासाठी नाही. माझे डोळे दुखतात याने."

"दुखू देत," अनिपा म्हणाली.

"केलिन, हा काठ नाही, हा दारुड्याचा माग आहे."

"पोरांचा आहे. सुई ठेव आत."

कानिम्बुबूने सुई ठेवली नाही, पण घातलीही नाही. हळूच बोलली, पोरांना ऐकू जाऊ नये असं. "तुला वाटतं मला चित्राची भीती. मला त्या खऱ्या सुटकेसची भीती आहे. परवा फोनवर तो म्हणाला, वसंतात येईन, चाक बसवून घेईन, पोरीला रशियातल्या शाळेत घालू. चाक बसलं की ही गेली. मग मी एकटी त्या घरात काय करू, शिंगं मोजू?"

अनिपाने तिच्याकडे बघितलं. खोटं बोलून धीर द्यायला तिला कधी जमलं नाही. मयताच्या चामखिळीचंही जमलं नव्हतं. "जाईल कदाचित," ती म्हणाली. "गेली तर तिचा बाप नेईल, जाऊबाई. नमदा नाही नेणार. त्याच्याशी भांडायचं ते फोनवर भांड, हनुवटीशी. इथे माझ्याशी भांडलीस तर त्याला ऐकू जात नाही."

"भांडू?"

"मला सुरी दाखवलीस. त्याला दाखवत नाहीस."

कानिम्बुबूच्या तोंडाचा एक कोपरा हलला, पण तो हसू म्हणून मोजायचा की नाही, कळलं नाही. ती उठली नाही. बेगायमने नवे मोजे घातले होते आणि ती पालथी पडली होती. एजेने टाळी वाजवली, मेंढ्या हाकल्यासारखी.

"ऐका. आज घरातलं ते काढायचं, जे पाहुणे आले की आपण लपवतो."

सगळ्या खोलीत पेन्सिली सुरू झाल्या. कानिम्बुबू ताठ बसली. "अगं, हे काय काढायला सांगतेस? कोकुय. ही आता काय काढणार?"

"मला माहीत नाही."

"तिच्या कागदाकडे बघून सांग ना."

"झालं की ती दाखवेल. नाहीतर नाही दाखवणार," अनिपा एजे म्हणाली आणि आजी आणि नात यांच्यामध्ये, आपल्या मोठ्या बंडीसकट, आडवी बसली.